बिनपगारी कप्तान

आमच्या काउंटीच्या क्रिकेट क्लबाला एकोणीसशे तेवीस साली कप्तान हवा होता. माणूस हौशी पाहिजे, म्हणजे खेळण्याचे पैसे न घेणारा, ही पहिली अट. मे ते ऑगस्ट त्याला दुसरा उद्योग नसावा, आगगाडीचं भाडं आणि हॉटेलचं बिल त्याने पदरचं भरावं, आणि जेवताना सुरी-काटा योग्य हातात धरावा, या बाकीच्या. त्याला खेळता येतं का, हा प्रश्न समितीच्या बैठकीत निघालाच नाही असं नाही. निघाला, पण अगदी शेवटी, पोर्ट वाइनचा दुसरा पेला फिरत असताना. तेव्हा अध्यक्ष जनरल विम्बुश म्हणाले, "खेळायला दहा पगारी माणसं आहेतच की आपल्याकडे."

अशा रीतीने ऑनरेबल ऑब्री डेलाहे कप्तान झाला. टेव्हर्टन पार्कच्या म्हाताऱ्या लॉर्डांचा हा धाकटा मुलगा. आमच्याकडे घर, जमीन आणि किताब थोरल्याला जातो; धाकट्याला नावाआधी 'ऑनरेबल' लावायला मिळतं आणि वडिलांचे जुने बूट मिळतात. शाळेत ऑब्री दुसऱ्या संघातून खेळायचा, कारण पहिल्या संघाचा कप्तान त्याचा थोरला भाऊ रोलंड होता आणि त्याला भावावर मेहरबानी केली असं दिसायला नको होतं. ही डेलाहे कुटुंबाची हकिगत. त्यांच्याबरोबर शाळेत असलेले सांगत की रोलंड नसता तर ऑब्री तिसऱ्या संघात असता.

पुढे महायुद्ध झालं. रोलंड छातीत विषारी वायू घेऊन परत आला आणि ऑब्री डाव्या गुडघ्यात लोखंडाचा तुकडा घेऊन. दोघांपैकी ज्याला खेळता येत होतं त्याचा श्वास जिन्याच्या चौथ्या पायरीवर संपायचा, आणि ज्याचा श्वास शाबूत होता त्याचा गुडघा वाकत नव्हता. क्लबाने गुडघ्यावर समाधान मानलं.

मेलबरीच्या मैदानावर तेव्हा दोन वाटा होत्या. हौशी खेळाडू पॅव्हेलियनच्या मधल्या पायऱ्यांवरून उतरायचे आणि पगारी खेळाडू रोलरच्या शेडशेजारच्या लहान दारातून यायचे. त्या हंगामात हौशी माणूस एकटा ऑब्रीच होता. त्यामुळे तो पायऱ्यांवरून एकटाच लंगडत उतरे, दहा जण बाजूच्या दारातून येत, आणि मैदानाच्या मध्यावर पोचल्यावर त्यांचा संघ होई.

पगारी माणसांत सगळ्यात जुना एनॉक ग्रिबल. डावखुरा, हळू गोलंदाजी करायचा. हिवाळ्यात तो शवपेट्या बनवायचा, त्यामुळे कोणाकडेही बघताना जरा मापून बघायची त्याची सवय होती. पहिल्या दिवशी नाणेफेक हरून ऑब्री मैदानावर आला तेव्हा ग्रिबलने त्यालाही डोक्यापासून पायापर्यंत मापून घेतलं.

"ग्रिबल," ऑब्री म्हणाला, "मी कुठे उभा राहू?"

"तुम्ही कप्तान आहात साहेब. वाटेल तिथे राहा."

"मला पळता येत नाही."

"ते दिसतंय साहेब."

"मग?"

ग्रिबलने थोडा विचार केला. "मग फलंदाजाच्या नाकासमोर उभे राहा. तिथे पळायला वेळच नसतो."

ऑब्री तिथे उभा राहिला तो अकरा उन्हाळे. फलंदाजाने बॅट लांबवली तर त्याच्या पोटाला लागेल इतक्या जवळ. चेंडू त्याच्या बरगड्यांवर, नडगीवर, एकदा हनुवटीवर बसला. तो जागचा हलायचा नाही. गुडघ्यामुळे हलता येत नव्हतं की हलायचंच नव्हतं, हे कोणाला कधी कळलं नाही आणि विचारण्याइतकी सलगी कोणाची नव्हती. चेंडू अंगावर आपटून वर उडाला की तो झेलायचा, आणि ग्रिबलच्या नावावर एक बळी जमा व्हायचा.

फलंदाजीचं मात्र विचारू नये. पहिल्या हंगामात त्याने इतके भोपळे आणले की मेलबरीच्या मंडईत भोपळ्याचा भाव पडला, असं जलद गोलंदाज टॉम रॉसिटर म्हणायचा. अर्थात बाजूच्या खोलीत. पण त्या खोलीच्या आणि कप्तानाच्या खोलीच्या मध्ये नुसती फळ्यांची भिंत होती. ऑब्रीला ते ऐकू गेलं. घरी जाऊन त्याने ते बायकोला सांगितलं, आणि सांगताना तो हसत होता.

त्याची बायको थिओडोरा, घरात थिओ. तिला क्रिकेटमध्ये रस नव्हता. तिला डुकरांमध्ये होता. टेव्हर्टन पार्कच्या मागच्या आवारात तिने जातिवंत डुकरं पाळली होती आणि काउंटीच्या प्रदर्शनात तिला दर वर्षी बक्षीस मिळायचं. घरात बक्षीस मिळवणारी ती एकटीच.

"म्हणजे बिनपगारी फुल अधिकारी," ती म्हणाली. "काम काय करतोस मग दिवसभर?"

"ग्रिबलला हवा कशी आहे ते विचारतो."

"आणि?"

"तो सांगतो, हवा बदलायला झाली साहेब, पॅव्हेलियनच्या बाजूने. मग मी त्या बाजूचा गोलंदाज बदलतो."

"सरळ का नाही विचारत, कोणाला देऊ म्हणून?"

"कप्तानाने विचारायचं नसतं."

थिओ उठून बाहेर गेली. तिच्या एका डुकरिणीला ताप होता.

परगावच्या सामन्यांना ऑब्री स्टेशनसमोरच्या मोठ्या हॉटेलात उतरायचा आणि बाकीचे दहा जण मागच्या गल्लीत कोणा विधवेच्या खानावळीत. एकदा उत्तरेतल्या एका गिरणगावी दोन दिवस सलग पाऊस लागला. ऑब्रीने हॉटेलातली सगळी वर्तमानपत्रं वाचली, मग जुनी वाचली, मग छत्री घेऊन बाहेर पडला. फिरत फिरत तो त्या गल्लीत गेला. खानावळीची खिडकी उघडी होती. आत पत्ते चालले होते, रॉसिटर कोणाची तरी नक्कल करत होता आणि यष्टिरक्षक हसून हसून टेबलावर पडला होता. ऑब्री छत्री धरून बघत राहिला. तेवढ्यात ग्रिबलने दार उघडलं.

"काही हवं होतं का साहेब?"

"नाही. म्हटलं, सगळे ठीक आहेत ना."

"ठीक आहेत साहेब. आत या ना, भिजताय."

ऑब्री आत गेला. सगळे उठून उभे राहिले. बसा म्हटल्यावर बसले, पण पत्ते पालथे घातले गेले. खानावळवालीने एप्रनने खुर्ची पुसली. कप्तानाला बशीसकट कपात चहा आला. बाकीच्यांच्या पुढे जाडजूड मग होते. रॉसिटरने हवेबद्दल एक वाक्य म्हटलं, ऑब्रीने हवेबद्दल एक वाक्य म्हटलं. ग्रिबल छताकडे बघत होता. चहा फार गरम होता तरी ऑब्रीने तो पिऊन टाकला आणि काही काम असल्याचं सांगून तो निघाला. गल्लीच्या वळणावर पोचला तेव्हा मागे हशा पुन्हा सुरू झाला. तो आपल्यावर नाही, हे त्याला कळत होतं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

त्यानंतर तो त्या गल्लीत गेला नाही. पुढच्या वर्षी त्याने समितीला सांगून पगारी माणसांच्या खोलीत शेगडी बसवून घेतली. कोणी आभार मानले नाहीत. ते त्याला बरंच वाटलं.

एकतीस साली म्हातारे लॉर्ड वारले. किताब रोलंडकडे आला आणि त्याच्यामागून वारसा कर. रोलंडने दोन कुरणं आणि जुनी चित्रं विकून तो भरला. मग छातीला हवा मानवते म्हणून तो फ्रान्सच्या किनाऱ्यावर बिआरित्झला जाऊन राहिला. त्याला ना बायको ना मूल.

तेहतीसच्या जुलैत मेलबरीला आमचा सामना उत्तरेकडच्या एका जबर संघाशी होता. शेवटच्या दिवशी चहापानानंतर आमचे नऊ बाद झाले. सामना वाचवायचा तर दिवस संपेपर्यंत शेवटच्या जोडीने तग धरायची होती, आणि शेवटची जोडी म्हणजे ग्रिबल आणि ऑब्री. प्रेक्षक टोप्या घेऊन उठू लागले होते. का कोण जाणे, पण त्या दिवशी चेंडू ऑब्रीच्या बॅटला लागत होता. त्याच्या अठरा धावा झाल्या होत्या, आणि तो स्वतः त्या फळ्यावर पुन्हा पुन्हा वाचत होता. तेवढ्यात क्लबाचे सचिव मिस्टर पर्किस टोपी हातात धरून मैदानाच्या मधोमध चालत आले. खेळ थांबला.

"ऑब्रीसाहेब, वाईट बातमी आहे. थोरले साहेब गेले."

"कुठे?"

"बिआरित्झला."

"तो ईस्टरपासून तिथेच आहे."

"नाही साहेब. तिथून गेले."

ऑब्रीने एक हातमोजा काढला आणि पुन्हा घातला. "कधी?"

"आज सकाळी. नाश्त्यानंतर."

"नाश्ता झाला होता ना?"

"तारेत तसं म्हटलंय साहेब."

पाहुण्यांचा कप्तान मेजर कॉप्ली जवळ आला. त्याने टोपी काढली. "डेलाहे, फार वाईट झालं. तू जा घरी. आमच्याकडून काही हरकत नाही. तुझा डाव संपला असं आम्ही धरू."

"म्हणजे आम्ही हरलो?"

"तसं म्हटलं तर हो," कॉप्ली म्हणाला. त्याच्याही ते आत्ताच लक्षात आलं होतं.

ऑब्री पंचाकडे वळला. "अशा वेळी खेळ थांबवता येतो का?"

पंचाने बराच विचार केला. "मरणाबद्दल नियमात काही नाही साहेब. पाऊस आणि अंधार, एवढंच आहे."

ऑब्रीने आकाशाकडे पाहिलं. लख्ख ऊन होतं. "मग खेळू या," तो म्हणाला.

पाहुण्यांचा जलद गोलंदाज हेझलडाइन हा खाणीतून आलेला दांडगा माणूस. पुढचे दोन चेंडू त्याने इतके अलगद टाकले की ते टप्पा खाऊन यष्टिरक्षकाच्या पायाशी लोळत गेले.

"हे काय चाललंय?" ऑब्रीने विचारलं.

"साहेब, तुम्ही दुःखात आहात, म्हणून जरा..."

"दुःखात आहे, आजारी नाही. नीट टाक."

हेझलडाइनने नीट टाकला. चेंडू बरगडीवर बसला आणि त्याचा आवाज पॅव्हेलियनपर्यंत गेला.

"ठीक आहे का साहेब?"

"ठीक आहे."

दिवस संपला तेव्हा ऑब्री नाबाद होता. एक्केचाळीस. इतक्या धावा त्याने आधी कधी केल्या नव्हत्या आणि नंतरही केल्या नाहीत. शेवटचा तासभर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, की रोलंड हे सगळं किती सहज खेळला असता, आणि रोलंडला संध्याकाळी तार करून कळवायला हवं. मग दर वेळी त्याला आठवायचं. परतताना ज्या ठिकाणी पायऱ्यांची वाट आणि लहान दाराची वाट वेगळी होते तिथे ग्रिबल थांबला.

"थोरल्या साहेबांना मी एकदा गोलंदाजी केली होती," तो म्हणाला. "युद्धाच्या आधी."

"मग?"

"मार खाल्ला साहेब. चारी दिशांना."

ऑब्रीने मान हलवली. नंतर जी सांत्वनाची भाषणं झाली, चर्चमध्ये बिशपचंही झालं, त्यातलं काही नाही, हे एवढंच त्याच्या लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात, बातमीबरोबर किताब ऑब्रीकडे आल्यामुळे, 'ऑ. डेलाहे, नाबाद अठरा' आणि त्याखाली 'लॉर्ड टेव्हर्टन, नाबाद तेवीस' असे दोन फलंदाज छापले गेले. आमच्याकडून बारा माणसं खेळली अशी तक्रार पाहुण्यांनी केली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

दोन वर्षांत दुसऱ्यांदा वारसा कर आला. उरलेली कुरणं गेली, पश्चिमेकडचं रान गेलं, चांदीची भांडी गेली. धाकटा मुलगा म्हणून ऑब्रीला जेवढं मिळत होतं तेवढंही लॉर्ड झाल्यावर उरलं नाही. त्या हिवाळ्यात तो जनरल विम्बुशना भेटायला गेला आणि म्हणाला की आता हौशी म्हणून खेळणं झेपणार नाही.

"अरे, त्यात काय एवढं," जनरल म्हणाले. "आपण तुला सहायक सचिव करू. पगार लावू."

"सहायक सचिवाचं काम काय?"

"काम नाही. खेळायचं."

"म्हणजे खेळण्याचे पैसे."

"छे छे. सचिवपणाचे पैसे. सगळ्या काउंट्या हेच करतात."

ऑब्रीने खिडकीबाहेर पाहिलं. "पैसे घेऊन खेळायचं तर मला सरळ पगारीच करा ना. बाकीच्या दहा जणांसारखं."

जनरलांनी पाइप तोंडातून काढला. त्यांनी दोन युद्धं पाहिली होती. "ऑब्री," ते म्हणाले, "तू मैदानावर कोणत्या दारातून येणार?"

"लहान दारातून."

"लॉर्ड टेव्हर्टन? रोलरशेजारून?"

समितीची खास बैठक बसली आणि निर्णय न घेता उठली. बातमी मात्र गावभर झाली. आठवड्याभराने ग्रिबल सायकलवरून टेव्हर्टन पार्कला आला. पुढच्या दाराकडे जायचं की मागच्या, या विचारात तो अंगणात उभा असताना डुकरांची बादली घेऊन थिओ आली आणि तिने त्याला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. त्या घरात तेवढी एकच खोली गरम होती. ऑब्री तिथेच कोट घालून बसला होता.

"पोरांनी मला पाठवलंय साहेब," ग्रिबल म्हणाला. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. "तुम्ही आमच्यात येणार म्हणे."

"विचार आहे. तुम्हाला आवडेल?"

"नाही साहेब."

थिओने बादली खाली ठेवली.

"राग मानू नका," ग्रिबल म्हणाला. "पगारी जागा दहाच आहेत. तुम्ही आलात की एकाला जावं लागेल. रॉसिटर जाईल, त्याचं वय झालंय. त्याला चार पोरं आहेत, आणि धावासुद्धा तो तुमच्यापेक्षा जास्त काढतो, गोलंदाज असून."

"मी कप्तान म्हणून..."

"कप्तान म्हणून तुम्ही चांगले आहात साहेब. आम्ही याहून वाईट पाहिलेत. पण पगारी माणूस कप्तान होत नसतो. तुम्ही पगारी झालात की कप्तानी गेली. मग उरलं काय, फलंदाजी."



"म्हणजे मी पगाराच्या लायकीचा नाही," ऑब्री म्हणाला.

"नाही साहेब. फुकट होतात तोवर उत्तम होतात."

हे वाक्य दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर ऑब्रीला राग आला असता. पण ग्रिबल हे मापून सांगत होता. पेटी कमी लांबीची झाली तर माणूस दुमडून घालता येत नाही, तसा. ऑब्रीने जरा वेळाने विचारलं, "चहा घेणार?" आणि ग्रिबलने दोन कप घेतले.

तो गेल्यावर थिओ म्हणाली, "बाई, किती स्पष्ट बोलतो हा माणूस."

"अकरा वर्षांत पहिल्यांदा बोलला," ऑब्री म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता, पण आवाज पडला नव्हता.

चौतीसचा उन्हाळा ऑब्रीने घरी काढला. जनरलांचा पुतण्या सिरिल विम्बुश कप्तान झाला. मे महिन्यात मैदानाकडून वारा असला की टाळ्या पार्कपर्यंत ऐकू यायच्या, आणि त्या वेळी ऑब्री डुकरांच्या आवारात जाऊन उगाच कुंपण दुरुस्त करायचा. नीट असलेलं कुंपण त्याने तीनदा दुरुस्त केलं. चौथ्यांदा तो हातोडी घेऊन निघाला तेव्हा थिओ म्हणाली, "तुला तिथे उभं राहायचंय ना नुसतं? खेळायचं आहे असं काही नाही?"

ऑब्री थांबला. "नाही. खेळायचं असं काही नाही."

"मग नुसतं उभं राहण्याचे पैसे देतात की नाही कोणाला तिथे?"

देत होते. पंचांना देत होते.

पंच म्हणजे झाडून सगळे जुने पगारी खेळाडू. त्यांची निवड हिवाळ्यात लंडनला सगळ्या काउंट्यांचे कप्तान जमून करत. ऑब्री स्वतःच त्या बैठकीला गेला. अर्धे कप्तान त्याच्या शाळेतले होते आणि उरलेले त्याच्याबरोबर खंदकात होते. त्याने आपलं म्हणणं सांगितलं. खुर्च्या करकरू लागल्या.

"हे बघ ऑब्री," मेजर कॉप्ली शेवटी म्हणाला, "तुला जेवायला कुठे बसवायचं?"

"पंच बसतात तिथे."

"कुठे बसतात?"

कोणालाच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. शेवटी मत घेतलं गेलं. नाही कसं म्हणायचं हे कोणाला सुचेना, म्हणून सगळ्यांनी हो म्हटलं.

पंच रोलरच्या शेडमध्ये बसायचे, असं पुढच्या मे महिन्यात ऑब्रीला कळलं. त्याचा जोडीदार जोब हॅकिट हा कधीकाळचा यष्टिरक्षक. त्याचं एकही बोट सरळ नव्हतं. पहिल्या दिवशी दोघे उलट्या खोक्यांवर बसले आणि आपापली पाव-चीजची पुडकी सोडली. हॅकिट इतका अवघडला होता की त्याने पाव हातात धरून ठेवला, खाल्ला नाही.

"लॉर्डसाहेब, आपल्याला मीठ हवं असेल तर कृपा करून..."

"दे," ऑब्री म्हणाला.

जूनमध्ये ते "मीठ घ्या साहेब" झालं. जुलैत एका उकडत्या दुपारी हॅकिटचा डावा बूट चावत होता, सकाळपासून त्याच्याविरुद्ध दोनदा ओरडा झाला होता, आणि तो खोक्यावर बसत म्हणाला, "मीठ दे रे इकडे." मग त्याचा हात हवेतच थांबला. ऑब्रीने मीठ दिलं आणि पावाचा तुकडा तोडला. त्या संध्याकाळी घरी जाऊन त्याने थिओला हे सांगितलं. दोनदा सांगितलं.

पंच म्हणून तो चांगला होता. चेंडू बॅटला लागल्याचा आवाज कसा असतो आणि पॅडला लागल्याचा कसा, हे अकरा वर्षं वावभर अंतरावरून ऐकल्यावर कोणालाही कळलं असतं. छत्तीस साली मेलबरीलाच सिरिल विम्बुश पहिल्याच चेंडूवर पायचीत झाला. हौशी कप्तानाला त्याच्या घरच्या मैदानावर पहिल्या चेंडूला पायचीत देण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. ऑब्रीने बोट वर केलं. सिरिल बोटाकडे बघत राहिला. ते चुकून वर गेलं असेल, खाली येईल, अशी त्याची समजूत दिसली. चहाच्या वेळी जनरल स्वतः शेडपर्यंत आले.

"ऑब्री, कोण खेळतोय ते तुला दिसलं नाही का?"

"पाय दिसला, जनरल. स्टंपांच्या बरोबर पुढे."

जनरल त्याच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. ऑब्रीच्या कामात त्यामुळे काही अडलं नाही.

आणि ग्रिबल. तो पन्नाशी उलटून गेला तरी टाकत होता. अडतीसच्या ऑगस्टमध्ये त्याने सांगितलं की आता पुरे. त्याचा शेवटचा सामना मेलबरीलाच होता आणि त्याच्या बाजूचा पंच होता ऑब्री. पाहुण्यांची शेवटची जोडी मैदानात. ग्रिबलचं शेवटचं षटक, त्यातला शेवटचा चेंडू. फलंदाजाने पाय पुढे टाकला, चेंडू त्याच्या पॅडवर आदळला, आणि ग्रिबल वळून ओरडला. तो एरवी कधी ओरडायचा नाही, नुसतं विचारल्यासारखं विचारायचा. सगळं मैदान उभं राहिलं होतं. गोऱ्या टकलाच्या त्या वाकलेल्या माणसाकडे ऑब्रीने पाहिलं. द्यावं असं त्याला फार वाटलं. फलंदाजाचीही हरकत नव्हती. तो हातमोजे काढायला लागला होता.

"नाही," ऑब्री म्हणाला.

मैदानभर एक मोठा निःश्वास गेला, आणि मग शिव्या सुरू झाल्या. ग्रिबल स्वेटर घ्यायला त्याच्याकडे आला.

"लेग स्टंपच्या बाहेर?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"केसभर."

ग्रिबलने स्वेटर अंगात घातला. डोकं बाहेर यायला वेळ लागला. "केसभरच होता," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला दिसणार नाही."

"दिसला."

"बरं झालं," ग्रिबल म्हणाला. "उगाच मिळाला असता तर हिवाळाभर डोक्यात राहिला असता." आणि जाता जाता त्याने पंचाच्या पांढऱ्या कोटाची मुडपलेली कॉलर सरळ केली. ते बऱ्याच लोकांनी पाहिलं. त्याबद्दल तेव्हा गावात बरंच बोललं गेलं. एका लॉर्डाला पगारी माणसाने हात लावला, असं एक मत होतं. दुसरं मत असं होतं की कॉलर खरंच मुडपलेली होती.

पुढच्या वर्षी दुसरं युद्ध लागलं आणि क्रिकेट थांबलं. सैन्याने टेव्हर्टन पार्क ताब्यात घेतलं. परत दिलं तेव्हा अर्धं छप्पर नव्हतं. ऑब्री आणि थिओ बागेच्या माळ्याच्या दोन खोल्यांच्या घरात राहायला गेले होते, तिथेच राहिले. हे घर गरम करायला सोपं आहे, असं थिओ म्हणाली. युद्धात तिच्या डुकरांवरच दोघांचं चाललं.

सेहेचाळीस साली क्लब पुन्हा उभा राहिला. जनरल विम्बुश वारले होते. समितीने ऑब्रीला अध्यक्षपद देऊ केलं. सांगायला नवे सचिव माळ्याच्या घरी आले, तेव्हा तो ओसरीत बसून पांढऱ्या कोटाला बटण लावत होता. त्याने आभार मानून नाही म्हटलं.

"मान आहे हा, लॉर्डसाहेब," सचिव म्हणाले.

"आहे," ऑब्री म्हणाला. "पण अध्यक्षाला सामना बाल्कनीतून बघावा लागतो. तिथून काही दिसत नाही."

त्यानंतर तो आणखी दोन उन्हाळे उभा राहिला. मग डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. एका दुपारी, चेंडू बॅटला लागला की पॅडला, हे त्याला आवाजावरून कळलं पण दिसलं नाही. त्याच संध्याकाळी, कोणी काही म्हणायच्या आत, त्याने कोट धुऊन, इस्त्री करून परत पाठवला. पुढची वर्षं तो थिओच्या हाताखाली डुकरं सांभाळायचा. थिओच्या मते त्या कामात तो बरा होता, फक्त कुंपणाजवळ जाऊ द्यायचा नाही.